आईची अँजिओग्राफी ठरली आहे: टेबलावर काय होतं आणि त्याआधी काय ठरवायचं

प्रश्न असा आला आहे: "आई ५६ वर्षांची. सोलापुरात विडी घरकुलमध्ये राहते, लग्न झाल्यापासून विड्या वळते. बरीच वर्षं शुगर आहे. चार महिन्यांपासून जिना चढताना छातीत जळजळ आणि दम लागतो, थांबली की बरं वाटतं. सगळे पित्त म्हणत होते. आता ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. क्रिएटिनिन १.४ आहे. पूर्ण भूल देतात का? हाताला काही होईल का? लगेच स्टेंट टाकतील का? मी पुण्यात नोकरीला आहे, तिला इकडेच आणू का?"

आधी दोन शब्द: अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून अडथळा कुठे आहे ते बघणं; स्टेंट म्हणजे अरुंद जागा उघडी ठेवायला आत बसवलेली जाळीची नळी. चार प्रश्नांत तिसरा, स्टेंटचा, सगळ्यात मोठा आहे. पण ज्या आकड्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, तो क्रिएटिनिनचा (किडनी किती नीट काम करते हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) १.४ मला आधी दिसला, म्हणून सुरुवात तिथून करतो.

५६ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.४ म्हणजे किडनीचं काम, रिपोर्टवर ज्याला ईजीएफआर लिहितात ते, साधारण ४४ येतं. निरोगी माणसाच्या निम्म्याच्या आसपास. अँजिओग्राफीत जो डाय देतात त्यात आयोडीन असतं आणि तो शरीराबाहेर टाकायचं काम किडनीलाच करावं लागतं. ज्यांची किडनी ठणठणीत आहे त्यांना याचं काही वाटत नाही. शुगर आणि आधीच दमलेली किडनी एकत्र असली की मात्र तयारी नीट हवी. याचा अर्थ अँजिओग्राफी करू नये असा अजिबात नाही. अशा किडनीच्या कितीतरी पेशंटची अँजिओग्राफी होते आणि ते दुसऱ्या दिवशी घरी जातात.

आता एक प्रश्न मी विचारतो. आई पाठदुखीसाठी गोळ्या घेते का? तासन् तास मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची पाठ, मान आणि गुडघे दुखतातच, आणि बहुतेक घरांत मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी सापडते. रोज एक, कधी दोन. ती 'औषध' म्हणून कुणी सांगतच नाही. विचारलं तर "नाही हो, कुठल्याच गोळ्या नाहीत, फक्त शुगरची" असं उत्तर येतं. ही गोळी आजच बंद करा. दुखलंच तर पॅरासिटामॉल चालेल. डाय आणि डायक्लोफिनॅक दोन्ही एकाच आठवड्यात नकोत.

शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, आणि बहुधा असणारच, तर आईंच्या किडनीच्या आकड्याला ते अँजिओग्राफीच्या दिवशी थांबवतात आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासून मगच सुरू करतात. ही गोळी इतर औषधांबरोबर एकाच गोळीत मिसळलेली असते, त्यामुळे नाव वेगळं दिसतं. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ओता. चिठ्ठीवर लिहून नेलेल्या यादीवर माझा फारसा विश्वास नाही. इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी किती घ्यायचं हे विचारून घ्या, अंदाजानं घेऊ नका. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली असेल तर ती मात्र त्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते.

पाणी. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात पेशंट आदल्या रात्री दहा वाजता जेवतो, "उपाशी यायचं" म्हटलं म्हणून पाणीही बंद करतो, आणि यादीत नंबर मागे गेला की दुपारी एक वाजता कोरड्या तोंडानं टेबलावर येतो. किडनीला यापेक्षा वाईट स्वागत नाही. जेवण सहा तास आधी थांबवायचं. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं. तरीही तुमच्या कॅथलॅबचा, म्हणजे अँजिओग्राफी जिथे करतात त्या खोलीचा, नियम विचारून घ्या आणि क्रिएटिनिन जास्त आहे हे सांगून सकाळचा पहिला नंबर मागा. सलाईन आधी आणि नंतर लावतील. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आहे ना, हेही बघा, कारण हृदयाचं पंपिंग कमी असेल तर सलाईन जपून द्यावं लागतं.

किती घाई आहे? चार महिने तोच त्रास, तेवढ्याच श्रमाला, थांबलं की पाच मिनिटांत बरं, असं असेल तर चार-आठ दिवस नीट तयारी करायला वेळ आहे. बसल्या जागी त्रास व्हायला लागला, रात्री झोपेतून उठवलं, पंधरा-वीस मिनिटं थांबेना, दरदरून घाम आला, तर मात्र ठरलेली तारीख विसरायची आणि त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं. शुगर असलेल्या बायकांमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. नुसता दम, जबडा किंवा पाठीत दुखणं, मळमळ. म्हणूनच पित्ताच्या गोळीवर महिने निघून जातात. ट्रेडमिल टेस्ट बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त वेळा खोटी पॉझिटिव्ह येते, हेही खरं. पण चालल्यावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा त्रास, शुगर आणि पॉझिटिव्ह टेस्ट हे तिन्ही एकत्र असताना तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला मला योग्य वाटतो. कुणी 'सीटी अँजिओ करा, त्यात तार घालत नाहीत' असं सुचवेल. काही पेशंटना ती चांगली असते. पण डाय तिच्यातही लागतो, आणि जुन्या शुगरमध्ये रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलं असेल तर चित्र धूसर येतं. मग खरी अँजिओग्राफी करावीच लागते आणि किडनीला डाय दोनदा मिळतो.

आता टेबलावरची गोष्ट. पूर्ण भूल देत नाहीत. आई जागी असेल, बोलू शकेल. मनगटावर एक छोटं इंजेक्शन देऊन तेवढी जागा बधिर करतात. खरं दुखतं ते एवढंच. मग मनगटाच्या धमनीत एक पातळ नळी बसवतात, साधारण दोन मिलिमीटर जाडीची. तिला शीथ म्हणतात. धमनी आखडू नये म्हणून त्यातून औषध देतात, तेव्हा हात कोपरापर्यंत काही सेकंद भाजल्यासारखा होतो. हे आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही. त्यानंतर वायर आणि त्यावरून कॅथेटर, म्हणजे लांब पातळ नळी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडापर्यंत जातं, पण आत काही सरकतंय असं जाणवत नाही, कारण रक्तवाहिन्यांना आतून स्पर्श कळत नाही. डाय सोडतात, कॅमेरा छातीभोवती फिरतो, वेगवेगळ्या कोनांतून चित्रं निघतात. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" असं सांगत राहतात. कधी एकदम "खोका!" असं ओरडतील. घाबरायचं नाही, खोकल्यानं डाय लवकर पुढे सरकतो आणि ठोके ताळ्यावर राहतात. काही वेळा हृदयाच्या कप्प्यात डाय सोडून पंपिंग बघतात, तेव्हा अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही. आईंच्या बाबतीत इको झालेला असेल तर ही पायरी टाळता येते आणि डाय वाचतो. सगळं मिळून वीस-तीस मिनिटं.

खोली थंड असते, थरथरायला लागतं, पांघरूण मागितलं तर देतात. उजव्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील, आणि डाव्या हाताचीही गरज पडू शकते म्हणून दोन्हीकडच्या काढलेल्या बऱ्या. मंगळसूत्र आणि पुस्ते (तेलुगू घरांतल्या मंगळसूत्रातली पदकं) एक्स-रेत नेमके हृदयावर येतात. यावरून दारात बराच वाद होतो, म्हणून घरीच बोलून ठेवा. आईंना तेलुगू सोपं जात असेल तर तेलुगूत बोलू द्या. सोलापूरच्या कॅथलॅबमध्ये तेलुगू, कन्नड समजणारं कुणी ना कुणी असतंच. दुखतंय, गुदमरतंय हे माणूस आपल्या भाषेतच नीट सांगतो.

हे सगळं इतकं साधं वाटावं यामागे थोडा वेडेपणाही आहे. १९२९ साली वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरनं वरिष्ठांनी मनाई केलेली असताना स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि पुरावा म्हणून चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. १९५६ मध्ये त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. हृदयाच्या रक्तवाहिनीत थेट डाय सोडण्याची पद्धतही अमेरिकेत मेसन सोन्स यांच्या हातून १९५८ मध्ये अपघातानंच सापडली: कॅथेटरचं टोक चुकून उजव्या रक्तवाहिनीत शिरलेलं होतं आणि डाय गेला. पेशंटचं हृदय क्षणभर थांबलं, सोन्स यांनी त्याला खोकायला लावलं, आणि ठोके परत सुरू झाले. आजही आम्ही तेच करतो.

हाताबद्दल. मनगटावर दोन-चार तास पट्टा बांधतात, हळूहळू सैल करतात. काळं-निळं होणं नेहमीचं. घरी गेल्यावर एकदम फुगलं किंवा रक्त आलं तर बोटांनी घट्ट दाबून धरून हॉस्पिटलला यायचं. बोटं गार, पांढरी किंवा बधिर झाली तरी लगेच यायचं. काही जणांमध्ये ती धमनी नंतर बंद होते, पण हाताला दुसरी धमनी असल्यानं बहुतेकांना कळतही नाही. विड्या वळण्याचं काम बोटांचं आणि मनगटाचं, तेही दिवसाला शेकड्यानं, म्हणून एक आठवडा सुट्टी द्या. मजुरी बुडते हे मला कळतं, तरी द्या. आणि त्या आठवड्यात एक गोष्ट हळूच विचारा: आई मशेरी लावते का? वळणाऱ्या बायका विडी ओढत नसतील, पण मशेरी किंवा तंबाखू बऱ्याच जणींना असते. लेकासमोर त्या ते कबूल करत नाहीत. सुनेला किंवा मुलीला विचारायला सांगा. हृदयाला हीही तंबाखूच.

मनगटातून जमलं नाही तर जांघेतून करतात. मग चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं, एवढाच मोठा फरक.

धोका शून्य नाही. नुसत्या अँजिओग्राफीत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांची शक्यता प्रत्येकी हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात. डायची ॲलर्जी बहुतेक वेळा खाज आणि गांधीपुरती असते. पूर्वी कधी डायनं त्रास झाला असेल तर सांगाच. आईंच्या बाबतीत मला काळजी किडनीची, म्हणून अँजिओनंतर ४८ ते ७२ तासांत क्रिएटिनिनची तपासणी चुकवू नका. डिस्चार्जच्या गडबडीत हीच राहते.

आता तिसरा प्रश्न.

कॉरिडॉरमध्ये काय घडतं ते सांगतो. पेशंट आत टेबलावर. डॉक्टर किंवा त्यांचा सहायक बाहेर येतो, स्क्रीनवर चित्र दाखवतो: "इथे नव्वद टक्के, इथे ऐंशी. स्टेंट टाकायचे का? लगेच सांगा." चार नातेवाईक, त्यातले दोघे फोनवर, कुणाला काही कळत नाही, आणि 'नाही' म्हटलं तर आई दगावेल या भीतीनं सही होते. हार्ट अटॅक चालू असेल तर ही घाई शंभर टक्के बरोबर आहे. तिथे मिनिटं मोजायची असतात. चार महिने स्थिर त्रास असलेल्या पेशंटमध्ये मात्र बहुतेक वेळा 'चित्रं काढा, नळी काढा, उद्या बसून बोलू' असं म्हणायला पूर्ण वाव असतो. तेव्हाच करण्यात सोय आहे, दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही, हे मान्य. पण आईंच्या बाबतीत थांबण्याला दोन ठोस कारणं आहेत.

पहिलं, किडनी. साध्या अँजिओग्राफीला साधारण ४० ते ६० मिली डाय लागतो. स्टेंट टाकायला त्याच्या दुप्पट-तिप्पट जाऊ शकतो.

दुसरं, शुगर. शुगरच्या पेशंटमध्ये ब्लॉकेज अनेकदा एकाच जागी नसतात, हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत पसरलेले असतात. अशा पेशंटमध्ये स्टेंट बरे की बायपास (ऑपरेशन करून अडथळ्याला वळसा घालणारी नवी रक्तवाहिनी जोडणं), यावर 'फ्रीडम' नावाचा १,९०० पेशंटचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये आला, आणि त्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅक बायपासच्या गटात कमी होते. पक्षाघात मात्र बायपासमध्ये थोडे जास्त. म्हणजे चित्रात दोन-तीन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या तर हृदयाच्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय टेबलावर तीन स्टेंटना सही करणं मला पटत नाही. एकच मोठा अरुंद भाग निघाला आणि आईंना खरोखर त्रास होत असेल, तर स्टेंट चांगला उपाय आहे.

आणि टक्क्यांच्या आकड्याला फार भुलू नका. डोळ्यानं बघून सांगितलेले साठ-सत्तर टक्के दोन डॉक्टरांचे वेगळे निघू शकतात. अशा ना कमी ना जास्त ब्लॉकेजमध्ये रक्तप्रवाह खरंच अडतोय का हे बघायला एफएफआर नावाची दाबाची तपासणी असते, ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा खरा. ती वायर महाग पडते म्हणून सगळीकडे सहज वापरत नाहीत, पण विचारायला काय हरकत आहे? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात ५,१७९ स्थिर पेशंट होते, भारतातलेही. आधी औषधं आणि गरज पडली तरच स्टेंट-बायपास, की सरसकट आधी अँजिओ आणि दुरुस्ती, यांची तुलना झाली. मृत्यूंत फरक पडला नाही. छातीचा त्रास मात्र दुरुस्तीवाल्या गटात जास्त कमी झाला. मुख्य डाव्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले आणि पंपिंग फार कमी असलेले पेशंट त्यात घेतले नव्हते. त्यांचा हिशेब वेगळा. सांगायचा मुद्दा, स्थिर पेशंटमध्ये स्टेंट हा मुख्यतः त्रास कमी करायला असतो. औषधं, शुगर आणि तंबाखू सोडणं यांचं काम तो करत नाही. आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या स्टेंटनंतरही सुटत नाहीत.

तेव्हा आदल्या दिवशी डॉक्टरांना सरळ विचारा: "फक्त अँजिओग्राफी करताय की जमलं तर लगेच अँजिओप्लास्टीही, म्हणजे फुग्यानं जागा रुंद करून स्टेंट टाकणंही? आईची किडनी बघता आम्हाला आधी बोलायचंय." चांगला डॉक्टर यानं चिडत नाही. संमतीपत्रात दोन्ही एकाच कागदावर छापलेलं असेल तर वाचून सही करा. आणि अँजिओग्राफीची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. ती तुमची आहे. नुसत्या छापील रिपोर्टवर दुसरा डॉक्टर मत देऊ शकत नाही.

पुणे की सोलापूर? अँजिओग्राफी सोलापुरातच करा. कलबुर्गी, विजयपूर, धाराशिव, लातूरकडचे पेशंट यासाठी इथे येतात. तुम्ही तिला अडीचशे किलोमीटर लांब नेण्यात या तपासणीपुरता काहीच फायदा नाही. बायपासची वेळ आली आणि नंतरचा महिना तुमच्याजवळ राहणं सोयीचं असेल, तर पुण्याचा विचार करा. सीडी दाखवायला आईला न्यायचीही गरज नाही. पण उद्या अटॅकची लक्षणं आली तर 'पुण्याला नेऊ' असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. चार तासांच्या रस्त्यात हृदयाचा स्नायू मरतो. जवळच्या कॅथलॅबमध्ये न्या.

पैशांबद्दल थोडं. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये ठरली होती, नंतर वेळोवेळी थोडी कमी-जास्त होत गेली. बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागा, त्याचं स्टिकर फाइलवर लावलेलं असतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात, पण हॉस्पिटल योजनेत असायला हवं आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. नुसत्या अँजिओग्राफीचा खर्च त्यात धरतात का, हे भरती होण्यापूर्वीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघा. माहेरचं नाव, सासरचं नाव, तेलुगू आडनावाचं वेगळं स्पेलिंग, यात फाइल अडकते. आईंकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर विडी कामगारांच्या सरकारी दवाखान्यातही हृदयविकाराच्या मदतीबद्दल चौकशी करा, तीही उपचाराच्या आधी.

शेजारची कुणी 'ब्लॉकेज विरघळवणारा काढा' आणून देईल. कुणी सलाईनमधून नसा साफ करून मिळतात म्हणेल. नसेत साचलेला थर असा धुऊन निघत नाही, आणि ज्यात काय आहे ते माहीत नाही असं काहीही आईंच्या किडनीला आत्ता नको. भाकरी, शेंगाची चटणी चालू द्या, चटणीत मीठ कमी.

तारीख ठरली की त्या दिवसाची रजा काढून या. कॉरिडॉरमध्ये निर्णय घेणारा एकच माणूस असावा आणि त्यानं हे सगळं आधी वाचलेलं असावं. सोबत गोळ्यांची पिशवी, जुने ईसीजी, इको, ट्रेडमिलचा पूर्ण कागद आणि क्रिएटिनिनचे मागच्या वर्षा-दोन वर्षांचे सापडतील तेवढे रिपोर्ट आणा. १.४ हा आकडा जुना आहे की नुकताच वाढलाय, यावरून तुमचे डॉक्टर पुढचं बरंच ठरवतील.